एका क्लच प्लेटसाठी इंजिन बाहेर

ऑक्सफर्डशायरमधील वाँटेज गावातून न्यूबरीच्या दिशेने जाणारा बी ४४९४ हा रस्ता गाव मागे पडताच टेकड्यांवर चढू लागतो. मागच्या सप्टेंबरात याच चढावर माझ्या १९७३ सालच्या एमजीबी जीटीने, या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारने, पहिली तक्रार केली. चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० मैलांचा वेग असताना या गाडीचा आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा साधारण २८०० वर असतो. त्या दिवशी मी चढासाठी अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला, तेव्हा काटा ३५०० पर्यंत सरकला, इंजिनाचा आवाज चढला, पण वेगाचा काटा ५० वरून तसूभरही हलला नाही. पाय सैल केल्यावर आरपीएम पुन्हा जागेवर आले. इंजिन जोर लावते आहे आणि तो जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही, याचा अर्थ एकच, क्लच घसरत होता.

क्लच घसरला म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी, अस्तर लावलेली प्लेट झिजलीच असे मात्र नसते, आणि इंजिन काढण्याच्या कामाला हात घालण्यापूर्वी बाकीच्या शक्यता तपासून घेणे शहाणपणाचे असते. एमजीबीचा क्लच हायड्रॉलिक आहे; पॅडलजवळचा मास्टर सिलिंडर तेल ढकलतो आणि बेलहाऊसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या रुंद भागाच्या बाजूला बसवलेला स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडवणारा फोर्क हलवतो. या दोघांमधली रबरी नळी जुनी होऊन आतून फुगली, तर तेल पुढे जाते पण परत येत नाही, आणि पॅडलवरून पाय काढल्यावरही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. मी गाडीखाली झोपून स्लेव्ह सिलिंडरचा दांडा हाताने मागे रेटून पाहिला. तो विनातक्रार मागे गेला, म्हणजे नळी ठीक होती. दुसरी शक्यता इंजिनाच्या मागच्या सीलमधून गळणाऱ्या तेलाची होती. बेलहाऊसिंगच्या तळाला एक भोक असते आणि त्यात एक स्प्लिट पिन सैलसर अडकवलेली असते, जेणेकरून गाडीच्या हादऱ्यांनी ती हलत राहावी आणि भोक बुजू नये. त्या पिनेवर तेलाचा ओलावा होता, पण थेंब लोंबत नव्हता. निष्कर्ष अर्धवटच राहिला. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळणार नव्हते.

उघडणे हाच या गाडीतला खरा प्रश्न आहे. एमजीबीला वेगळी चेसिस नाही; सगळा सांगाडा एकसंध पत्र्याचा आहे आणि गिअरबॉक्स मधल्या बोगद्यात अशा रीतीने बसतो की बेलहाऊसिंग खालून बाहेर काढता येत नाही. इतर अनेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवून क्लच बदलता येतो. इथे इंजिनच बाहेर काढावे लागते, एक तर एकटे किंवा गिअरबॉक्ससकट. जवळच्या एका गॅरेजने या कामाचे बाराशे पौंड सांगितले. ते मला अवाजवी वाटले नाहीत, कारण त्यातली बहुतेक रक्कम मजुरीचीच होती, सुट्या भागांचा संच मला दीडशे पौंडांच्या आत मिळाला. पण मजुरी हीच जर किंमत असेल तर ती आपणच का करू नये, असा विचार मनात आला आणि तिथेच मी अडकलो.

त्याला आणखी एक कारण होते. माझे वडील सांगलीला एका सरकारी कार्यालयात अँबॅसिडरवर ड्रायव्हर होते. अँबॅसिडरमध्ये अनेक वर्षे बसवलेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीतले १७९८ सीसीचे इंजिन ही एकाच घराण्यातली भावंडे. दोन्ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिजची. मी ही गाडी घेतली तेव्हा व्हिडिओ कॉलवर इंजिन चालू करून दाखवले होते, आणि अण्णांनी चित्राकडे न पाहता फोन कानाला लावून आवाज ऐकला होता. "ही तर आपलीच आहे रे," एवढेच ते म्हणाले. ज्या इंजिनाच्या शेजारी बसून लहानपणी डबा खाल्ला, ते इंजिन दुसऱ्या कोणाच्या हातून उघडून घेणे मला पटेना. डिडकॉटमधले आमचे घर एमजीबी जिथे जुळली त्या अॅबिंग्डनपासून दहा-बारा मैलांच्या आत आहे. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तिथून बाहेर पडल्या. त्यामुळे या भागात ही गाडी दारात उभी असणे नवलाचे नाही, आणि शेजारच्या, आयुष्यभर फिटरचे काम करून निवृत्त झालेल्या गृहस्थांकडे इंजिन उचलण्याची हायड्रॉलिक क्रेन असणे हेही फार नवलाचे नव्हते.

ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी सकाळी मी कामाला सुरुवात केली. या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, फळीखाली असतात. त्यांची जोडणी आधी सोडवली. बॉनेट काढण्यापूर्वी बिजागऱ्यांच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली, कारण स्टीलचे हे जड झाकण परत बसवताना कडेची फट जुळवण्यात अर्धा दिवस जातो असे ऐकून होतो. मग कूलंट सोडले, रेडिएटर आणि त्याला धरणारा पत्रा काढला, कारण इंजिन सरळ वर नव्हे तर आधी पुढे सरकावे लागते आणि त्याला ती जागा हवी असते. दोन्ही एसयू कार्ब्युरेटर, चोक आणि अॅक्सिलरेटरच्या केबल, हीटरच्या नळ्या, ऑइल प्रेशरची नळी, स्टार्टरच्या तारा, एक्झॉस्टच्या फ्लँजचे पितळी नट. प्रत्येक तारेला चिकटपट्टीवर नाव लिहून लावले आणि बोल्ट वेगवेगळ्या दह्याच्या डब्यांत टाकले. बहुतेक बोल्टना अर्धा इंच किंवा नऊ सोळांश इंचाचा पाना लागतो. मिलिमीटरचे पाने या गाडीच्या जवळ आणूच नयेत.

खोळंबा झाला तो भलत्याच ठिकाणी. इंजिनाच्या तापमानाचा काटा विजेवर नव्हे तर एका बारीक तांब्याच्या नळीवर चालतो, आणि त्या नळीच्या टोकाचा गोळा सिलिंडर हेडमध्ये पितळी नटाने धरलेला असतो. पन्नास वर्षांत नट आणि नळी एकजीव झाली होती. पाना फिरवला की नटाबरोबर नळीही पिळली जाऊ लागली, आणि ती तुटली तर अख्खा गेज निकामी. मी तिथेच थांबलो, गंजलेले नट सैल करणारे भेदक तेल सोडले, दोन-दोन तासांनी परत सोडले आणि रविवारी सकाळी नट डावी-उजवीकडे अगदी नखभर हलवत हलवत पाऊण तासात सोडवला. क्लचच्या कामातला हा पाऊण तास कोणत्याही पुस्तकात मोजलेला नसतो.

त्यानंतर गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवून खालून बेलहाऊसिंगचे बोल्ट काढले. स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्टांनी धरलेला असतो. तो नळीसकट बाजूला करून तारेने बांधून ठेवला, म्हणजे हायड्रॉलिक उघडावे लागत नाही. गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला, कारण इंजिन निघाल्यावर त्याला पुढून काहीच आधार उरत नाही. गाडी खाली घेतली, शेजाऱ्यांची क्रेन पुढे आणली, साखळी ताणली आणि इंजिन माउंटिंगचे बोल्ट काढले. दीडशे किलोच्या आसपासचे ते धूड जागेवरून इंचभर उचलले गेले, पण पुढे येईना. आम्ही हलवले, पहारीने फटीत हलकेच रेटले, तरी फट वरच्या बाजूला बंदच राहिली. शेजारचे गृहस्थ स्टुलावर बसून चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला, हात हीटरच्या खोक्याखाली घातला, बोटांनी चाचपडले आणि शांतपणे विचारले, "हा बोल्ट तुम्ही मुद्दाम ठेवला आहे का?" वरच्या बाजूचा एक बोल्ट, जो कोठूनही दिसत नाही, फक्त हाताला लागतो, तो राहून गेला होता. तो निघाला आणि इंजिन स्वतःहून पुढे सरकले. अशा वेळी जोर लावला असता तर बेलहाऊसिंगचा अॅल्युमिनियमचा कान तुटला असता, हे त्यांनी मला सांगितले नाही. पण ते मला दिसत होते.

इंजिन क्रेनवर टांगलेले असताना फ्लायव्हीलवरचे, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाच्या जड चाकावरचे क्लचचे कव्हर दिसले. आठ इंची डायफ्रॅम स्प्रिंगचा हा क्लच सहा बोल्टांनी धरलेला असतो. बोल्ट एकेक पूर्ण न काढता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत गेलो, म्हणजे कव्हर वाकत नाही. शेवटचा निघाल्यावर प्लेट हातात आली. एका बाजूला अस्तर अजून होते. दुसऱ्या, फ्लायव्हीलकडच्या बाजूला रिव्हेटांची डोकी अस्तराच्या पातळीला आली होती आणि त्यातल्या तिघांनी फ्लायव्हीलवर बारीक चकचकीत वर्तुळे कोरायला सुरुवात केली होती. अस्तराला नख लावून पाहिले. ते काचेसारखे गुळगुळीत झाले होते, काळपट चमकत होते आणि त्याला भाजल्याचा वास होता. तेल नव्हते. कडेला फक्त तेलकट धुळीचा पातळ थर होता. तेव्हा दोष सीलचा नव्हता, निदान मुख्यतः तरी नव्हता.

पण मला जास्त विचारात पाडले ते रिलीज बेअरिंगने. नावात बेअरिंग असले तरी मूळ एमजीबीत ते गोळ्यांचे बेअरिंग नसते. बिडाच्या वाटीत बसवलेले कार्बनचे, म्हणजे ग्रॅफाइटचे एक कडे असते. पॅडल दाबले की हे न फिरणारे कडे फिरणाऱ्या कव्हरवर जाऊन टेकते आणि जितका वेळ पॅडल दाबलेले असेल तितका वेळ घासत राहते. गिअर बदलण्यापुरते दाबले तर ते वर्षानुवर्षे टिकते. माझ्या गाडीतले कडे वाटीच्या कडेपासून जेमतेम दीड मिलिमीटर वर उरले होते. नव्या कड्याची उंची त्याच्या शेजारी ठेवल्यावर बघवत नव्हती. आणखी काही महिन्यांत बिडाची वाटी थेट कव्हरवर घासू लागली असती.

हे कशाने झाले ते मला ठाऊक होते. एकतर कामावर जाताना एका लांबलचक सिग्नलला मी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून, क्लच दाबून दोन-दोन मिनिटे थांबत असे. आधुनिक गाड्यांनी लावलेली ही सवय. शिवाय चालवताना डावा पाय पॅडलवर नुसता टेकवून ठेवण्याची खोड, ज्यामुळे प्लेटवरचा दाब किंचित कमी होतो आणि ती घसरत झिजत राहते. प्लेट आणि बेअरिंग दोन्ही एकाच पायाने खाल्ले होते. रात्री अण्णांना दोन्ही भाग व्हिडिओवर दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले.

"क्लच पायदान नव्हे रे," ते म्हणाले. "साहेब शेजारी बसलेले असोत नाहीतर नसोत, सिग्नलला आम्ही न्यूट्रलच करायचो. तुला शिकवताना सांगितलं होतं."

"अण्णा, तुम्ही सांगितलं होतं," मी म्हणालो. त्यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते.

आता ग्रॅफाइटच्या जागी गोळ्यांचे बेअरिंगही विकत मिळते, आणि ते बसवावे असा मोह मला झाला. पण कारखान्याने जे कडे लाखो गाड्यांत वापरले ते सवय सुधारली तर पुरे आहे, आणि सवय सुधारायची नसेल तर पुन्हा इंजिन काढायची तयारी ठेवावी, असा विचार करून मी ग्रॅफाइटचेच घेतले. इंजिन बाहेर असताना असे मोह फार होतात. टायमिंग चेन, वॉटर पंप, इंजिन बे रंगवून घेणे, सगळेच "आता हात लागलाच आहे तर" या सदरात जाते. मी स्वतःला तीनच गोष्टींची परवानगी दिली.

पहिली गोष्ट मागचे ऑइल सील. त्यासाठी फ्लायव्हील काढले आणि सील बदलले. जुने कडक होऊन ओठाला चिरा पडल्या होत्या. दुसरी म्हणजे फ्लायव्हील जवळच्या मशीन शॉपमध्ये देऊन हलका हात मारून घेणे, कारण रिव्हेटांच्या खुणांखेरीज त्यावर उष्णतेचे निळे डागही होते. तिसरी गोष्ट क्रँकशाफ्टच्या टोकात बसणारे छोटे पितळी बुश, ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचे नाक फिरते. हे बुश सच्छिद्र धातूचे असते आणि त्याला वंगण पुन्हा कधीच देता येत नाही, म्हणून नवे बुश मी दोन दिवस इंजिन ऑइलच्या वाटीत बुडवून ठेवले. बायकोने ओट्यावरची वाटी पाहून काही विचारले नाही, फक्त ती वाटी आता माझीच झाली असे जाहीर केले.

पुढच्या शनिवारी बसवणी सुरू झाली. फ्लायव्हीलचे बोल्ट ५४ न्यूटनमीटरला आवळून लॉक पत्र्यांची कडा वळवली. फ्लायव्हील आणि कव्हरमधली प्रेशर प्लेट स्वच्छ फडक्याने आणि ब्रेक क्लीनरने पुसली, कारण नव्या पृष्ठभागाला बोटांचे तेलही नको. प्लेटवर कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ते छापलेले असते. ती उलटी बसली तर सगळे काम पुन्हा, म्हणून मी ते तीनदा वाचले. प्लेटच्या मधल्या खाचांतून प्लास्टिकचा खुंट बुशपर्यंत घातला, जेणेकरून प्लेट अचूक मध्यावर राहावी, आणि कव्हर डॉवेलवर, म्हणजे जागा ठरवणाऱ्या खुंट्यांवर बसवून बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत शेवटी टॉर्क पान्याने ३८ वर आणले. ३४ ते ४१ न्यूटनमीटर ही त्याची मर्यादा आहे. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांना ग्रीस लावले, पण अगदी नखावर मावेल इतकेच. जास्त झाले तर ते फिरताना उडून थेट नव्या अस्तरावर जाते.

इंजिन बाहेर काढायला एक दुपार लागली होती. आत बसवायला जवळपास एक दिवस गेला. शाफ्टचे टोक प्लेटच्या खाचांत शिरले, नंतर फट दोन बोटे उरली, मग एक बोट, आणि तिथे सगळे थांबले. या टप्प्यावर लांब बोल्ट घालून दोन्ही बाजू ओढून घेण्याचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो आणि तो तितक्याच लवकर झटकला पाहिजे, कारण त्याने प्लेटचा मधला भाग वाकतो. इंजिनाचे वजन शाफ्टवर लोंबकळू देणे हेही तितकेच वाईट. आम्ही इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या फटीची रुंदी चारही बाजूंना पट्टीने मोजली. वर सात मिलिमीटर, खाली अकरा. म्हणजे इंजिनाचे मागचे टोक खाली झुकलेले होते आणि दोघांच्या रेषा जुळत नव्हत्या. गिअरबॉक्सखालचा जॅक दोन-दोन दाबांनी वर घेतला, क्रेनच्या साखळीतला पुढचा ताण एक कडी कमी केला, फट चारही बाजूंना नऊ झाली. मग मुलाला गाडीत बसवून चौथा गिअर टाकायला सांगितले आणि मी पुढून क्रँकच्या पुलीचा नट पान्याने हळूहळू फिरवला. एका क्षणी काहीतरी जुळल्याचा मऊ आवाज झाला आणि इंजिन हाताच्या रेट्याने घरंगळत मागे जाऊन बेलहाऊसिंगला टेकले. शेजाऱ्यांनी काही म्हटले नाही, दुसरा चहा मात्र मागितला.

आनंदाच्या भरात मी मुलाला गाडीतून उतरायला सांगायचे विसरलो. तो नऊ वर्षांचा आहे. गिअर टाकायला सांगितले म्हणजे क्लच दाबायचा, एवढे त्याला माहीत होते, आणि उतरण्यापूर्वी गिअर न्यूट्रल करावा या सद्हेतूने त्याने पॅडल पायाने पूर्ण दाबले. स्लेव्ह सिलिंडर तेव्हा बाजूला तारेने बांधलेला होता, समोर ढकलायला काहीच नव्हते. पिस्टन रबरी टोपीसकट बाहेर उडाला आणि ब्रेक फ्लुइड फरशीवर पसरले. दोष त्याचा नव्हता; पॅडलखाली लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवणे हे दहा सेकंदांचे काम मी केले नव्हते. रंगावर पडलेले चार थेंब लगेच पाण्याने धुतले, कारण हे फ्लुइड रंग खाते, आणि मग सिलिंडरला नवे रबर घालून डॉट ४ फ्लुइड भरून हवा काढण्याचे अनपेक्षित काम पदरात पडले.

त्या निमित्ताने एक फायदाही झाला. सगळे जोडल्यावर क्लच पॅडल जवळपास फरशीला टेकल्यावरच सुटत होता. हवा काढूनही फरक पडेना. स्लेव्हचा दांडा फोर्कला जोडणारी क्लेव्हिस पिन काढून पाहिली तर ती मध्ये कमरेसारखी बारीक झाली होती आणि वर पॅडलजवळच्या पिनेचीही तीच अवस्था. या दोन झिजलेल्या जागांमध्ये पॅडलचा बराच प्रवास नुसता वाया जात होता. थोडक्या पैशांत मिळणाऱ्या दोन नव्या पिनांनी पॅडल जवळजवळ दीड इंच वरून सुटू लागला. ही गोष्ट इंजिन न काढताही कोणालाही करता येते आणि पॅडल खोल गेले असेल त्यांनी आधी हीच करावी.

रविवारी संध्याकाळी इंजिन दुसऱ्या प्रयत्नात चालू झाले. चाळीस वर्षांहून जुन्या अशा गाडीला इथे वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नसते, त्यामुळे रस्त्यावर आणण्यापूर्वी सगळे बोल्ट, नळ्या आणि ब्रेक तपासण्याची जबाबदारी पूर्णपणे आपली असते. मी ती यादी हातात घेऊन दोनदा तपासली आणि अंधार पडल्यावर फक्त गल्लीत एक फेरी मारली. पुढचे तीनशे मैल चढावर जोर न देता, ओझे न लादता चालवले, म्हणजे नवे अस्तर नव्या पृष्ठभागाशी जुळते. त्यानंतरच वाँटेजच्या चढावर गेलो. चौथ्या गिअरमध्ये, ५० मैलांवर, पूर्ण अॅक्सिलरेटर. काटा २८०० वर होता आणि वेग वाढला तसाच तो वाढत गेला. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला जास्तीचा उंच गिअर टाकला, तिथेही तेच. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये होती आणि डावा पाय पॅडलच्या डावीकडे, फरशीवर होता. अजून तो तिथे ठेवण्यासाठी मुद्दाम आठवण करावी लागते.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवला होता. सकाळी त्यावर तेलाचे दोन थेंब होते. बेलहाऊसिंगच्या भोकाखालची जागा कोरडी होती. थेंब त्याच्या दोन-अडीच फूट मागे, ओव्हरड्राइव्हच्या शेवटच्या सीलच्या बरोबर खाली पडले होते. त्यासाठी प्रॉपेलर शाफ्ट सोडवावा लागतो, इंजिन नाही.